मांसाहार सोडावा काय?

(एक शिक्षक)

गेल्या आषाढांत आमच्या शाळेच्या वादविवाद-मंडळाच्या वर्षाचा आरंभ झाला. विद्यार्थ्यांस नमुना दाखवावा म्हणून त्या दिवशीं दोघां शिक्षकांनींच वाद करावा अशी कल्पना निघाली. विषय ठरला : 'सुज्ञ मनुष्यानें मांसाहार सोडावा.' कोणीं कोणती बाजू घ्यावयाची हें चिठ्ठ्या टाकून ठरविलें, आणि दैवाची थट्टा अशी कीं, ज्यांच्या घरांत चातुर्मासांत कांदासुद्धां शिरत नाहीं अशा आमच्या संस्कृत-शिक्षकांच्या वांट्याला मांसाहाराचें समर्थन आलें, व जन्मापासून तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर पोसलेल्या प्रस्तुत लेखकास शाकाहाराची वकिली करावी लागली.

ती मीं जीव तोडून केली. महात्माजींचें चरित्र काढलें, जागतिक आरोग्य संघटनेचा हवाला दिला, पृथ्वीच्या तापमानाचे आंकडे सांगितले, आणि शेवटीं खास राखून ठेवलेलें एक उदाहरण पुढें केलें. "माझी स्वतःची आई," मीं सांगितलें, "गेलीं पन्नास वर्षें घरच्यांसाठीं मटण शिजवीत आली आहे, पण एक फोडही ती तोंडांत घालीत नाहीं. अशा संयमापुढें आपल्या जिभेची काय कथा?" टाळ्यांचा कडकडाट झाला. परीक्षकांनीं कौल माझ्या बाजूनें दिला.

दुसरा दिवस रविवार होता. कोल्हापुरांत रविवारीं सकाळीं मटणाच्या दुकानापुढें रांग लागते, आणि श्रावण तोंडावर आला कीं ती रस्त्याच्या वळणापर्यंत जाते. त्या रांगेंत हातांत स्टीलचा डबा घेऊन मी उभा होतों. पुढें तीन माणसें सोडून आमच्याच शाळेंतील इयत्ता नववीचा एक विद्यार्थी होता. त्यानें वळून पाहिलें, नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, काल तुमचं भाषण फार छान झालं."

त्याच्या चेहऱ्यावर उपहासाचा लवलेशही नव्हता. असता तर बरें झालें असतें. रागावून तरी घेतां आलें असतें. मुलगा मनापासून बोलत होता. शिक्षकांनीं व्यासपीठावर एक बोलावें व बाजारांत दुसरें करावें यांत त्याला कांहीं विशेष वाटलें नव्हतें, आणि मला लागलें तें हेंच. त्या दिवशींचें मटण मीं खाल्लें. तें नेहमींसारखेंच उत्तम झालें होतें, हेंही सांगितलें पाहिजे. परंतु आदल्या दिवशीं मी बोललों तें खरें असेल तर हा डबा कशाला, आणि खोटें असेल तर तें दोनशें मुलांना सांगितलें कशाला, हा प्रश्न हात धुतल्यानंतरही तसाच राहिला.

वाचकांनीं या बाबतींतला माझा अधिकार आधीं जाणून घ्यावा. मी मांसाहारी घरांत केवळ जन्मलों एवढेंच नव्हे. मी मटणाचा भक्त आहें. आमच्या घरीं मटण आधीं हळद, मीठ, आलें-लसूण लावून नुसत्या पाण्यांत शिजवीत. त्या पाण्याला अळणी म्हणतात. तिखट पडण्यापूर्वीं त्यांतील एकेक वाटी लहान मुलांस मिळे. चुलीपुढें वाटी धरून बसणें हाच आमचा रविवार होता. मग त्या पाण्यांत नारळाचें दूध व खसखस पडली कीं पांढरा रस्सा, आणि भाजल्या खोबऱ्याचें वाटण व कांदा-लसूण चटणी पडली कीं तांबडा. ज्याला ती वाटी कधीं मिळाली नाहीं तो मांस सोडण्याविषयीं बोलतो तेव्हां न चढलेल्या घोड्यावरून उतरण्याविषयीं बोलतो. सोडण्याचा प्रश्न खरा आहे तो आम्हांलाच.

माझ्या भाषणांतील मुद्दे मीं एकेक करून पुन्हां तपासले, आणि पहिलाच ढिला निघाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २०१५ सालीं मांसाविषयीं निर्णय दिला हें खरें. पण त्यांत कर्करोगास कारण म्हणून निश्चित ठरविलें तें खारवलेलें, धुरावलेलें, डब्यांत टिकविलेलें मांस, म्हणजे सॉसेज, बेकन, हॅम वगैरे. गाय, डुक्कर, शेळी-मेंढी इत्यादिकांचें ताजें मांस 'बहुधा कारण' या वर्गांत ठेविलें आहे. शिवाय हे वर्ग पुराव्याच्या बळकटीचे आहेत, धोक्याच्या मोठेपणाचे नव्हेत. व्यासपीठावर मीं हा भेद गिळून टाकला होता. उलट पक्षीं, मांसावांचून शरीर खंगतें ही आमच्या आखाड्यांतली समजूतही टिकण्यासारखी नाहीं. डाळीच्या प्रथिनांत जें उणें असतें तें भात-भाकरींत मिळतें, व भात-भाकरींत जें उणें तें डाळींत. आपल्या आज्यांनीं वरणभात शास्त्र वाचून लावला नव्हता, पण लावला बरोबर. दानीएलानें दहा दिवस डाळ-कडधान्य व पाणी यांवर राहून राजाच्या पंक्तीच्या मुलांहून चेहरा अधिक टवटवीत राखिला, ही कथा आमचे विद्यार्थी तिसरीपासून ऐकतात. एक गोष्ट मात्र वनस्पतींत मिळत नाहीं, ती म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. दूध, दहीं किंवा अंडें घेणाऱ्यास तें मिळूं शकतें. दूधही वर्ज्य करणाऱ्यानें औषधाच्या रूपानें घेतलेंच पाहिजे. लोह डाळी-पालेभाज्यांत असतें, पण मांसांतल्याइतकें तें अंगीं लागत नाहीं. वर लिंबू पिळल्यास अधिक लागतें. एवढें सांभाळल्यास प्रौढ माणसानें मांस सोडल्यानें त्याचें कांहीं बिघडत नाहीं.

दयेचा मुद्दा इतक्या सहजासहजीं निकालांत निघत नाहीं. मी दहा वर्षांचा असतांना पन्हाळ्याच्या बाजूच्या आमच्या गांवीं जत्रेसाठीं एक काळें करडूं आणलें होतें. चार महिने मी त्याला बाभळीचा व शेवरीचा पाला घातला. तें माझ्या मागून विहिरीपर्यंत येई. जत्रेच्या सकाळीं मुलाणी आले तेव्हां मी परड्यांत जाऊन रडलों. संध्याकाळीं पंक्तीला बसलों आणि जेवलों. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. महात्माजींनीं लहानपणीं मित्राच्या नादानें चोरून बोकडाचें मांस खाल्लें, तेव्हां रात्रभर आपल्या पोटांत जिवंत बोकड ओरडत आहे असें त्यांना वाटत होतें, हें त्यांनीं आत्मकथेंत लिहिलें आहे. मला मात्र त्या रात्रीं गाढ झोप लागली. मी कांहीं क्रूर मुलगा नव्हतों; सवय दयेहून वडील असते, इतकेंच.

त्याच आत्मकथेंतला पुढला भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. १८८८ सालीं विलायतेस जातांना त्यांनीं मांसास न शिवण्याची शपथ आईपुढें घेतली व ती पाळली. परंतु तोंवर ते केवळ शपथेनें बांधलेले होते. सर्व हिंदी लोकांनीं एक दिवस मांसाहारी व्हावें असेंच त्यांना मनांतून वाटत असे. लंडनमध्यें हेन्री सॉल्ट यांचें शाकाहारावरील पुस्तक वाचल्यावर ते स्वतःच्या पसंतीनें शाकाहारी झाले. आईच्या शब्दासाठीं न खाणें निराळें आणि आपल्या बुद्धीनें न खाणें निराळें. आमच्या जिल्ह्यांत हा निर्णय लोक पुस्तकाविना करितात. माणूस पंढरीस जातो, गळ्यांत तुळशीची माळ घालून येतो आणि त्या दिवसापासून मटण बंद. माझ्या चुलत्यांनीं अशीच माळ घातली. घरांत कोणी कारण विचारलें नाहीं, त्यांनींही सांगितलें नाहीं, आणि त्यांच्या शेजारीं बसून आम्हीं हाडें चोखलीं तरी त्यांनीं कधीं ताट सरकवून घेतलें नाहीं.

आमच्या संस्कृत-शिक्षकांनीं वादांत विचारलेला एक प्रश्न मला त्या दिवशीं चुकवावा लागला होता. ते म्हणाले, "तुम्ही दूध पितां ना? वीण झाल्याखेरीज म्हैस दूध देत नाहीं. मग झालेला रेडा कोठें जातो?" अंडें देणाऱ्या कोंबड्यांच्या जातींतले नर-पिल्लूं अंड्यांतून बाहेर येतांच मारून टाकितात, कारण तें अंडीं देत नाहीं व अंगानेंही भरत नाहीं. म्हणजे शाकाहारी म्हणविणाराच्या ताटामागेंही रक्त आहे. तें फक्त स्वयंपाकघरापर्यंत येत नाहीं. यावरून सर्वच सारखे दोषी, म्हणून खुशाल खावें, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. मला तो आळसाचा वाटतो. सगळें कर्ज फिटत नाहीं म्हणून कोणी कांहींच फेडीत नाहीं काय? परंतु दुधाचा पेला हातांत धरून मटणवाल्यास नांवें ठेवण्याचा हक्क मात्र या प्रश्नानें जातो, हें खास.

भूमीचा हिशेबही मीं सभेंत मांडला त्याहून गुंतागुंतीचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें २०१३ सालीं असा अंदाज दिला कीं, मनुष्याच्या उद्योगांमुळें हवेंत जाणाऱ्या उष्णताधारक वायूंपैकीं १४·५ टक्के पशुपालनापासून येतात. त्यांतला सर्वांत मोठा वांटा गाई-बैलांचा, म्हणजे मांसाबरोबर दुधाचाही. माळरानावरचें बोकड जो काटेरी पाला खातें तो माणसाच्या कामाचा नाहीं. धनगराचें पोट त्यावर चालतें. शहरांत ज्याला आपण चिकन म्हणतों ती ब्रॉयलर कोंबडी पांच-सहा आठवड्यांत दोन किलोंपर्यंत वाढविलेली असते व तिला मका आणि सोयाबीन घालावें लागतें. तिनें बहुधा उन्हांत माती कधीं उकरलेली नसते. मला विचाराल तर सोडावयाचेंच असेल त्यानें प्रथम हें सोडावें. गांवच्या जत्रेचें वर्षांतून एकदांचें बोकड आणि रोज संध्याकाळीं कंटाळा आला म्हणून मागविलेली कोंबडी यांना एकाच तराजूंत घालणारा शाकाहारीही चुकतो व मांसाहारीही.

येथवर आल्यावर माझें मन शाकाहाराकडे झुकलें होतें. तरी पाय अडत होता, आणि तो जिभेमुळें नव्हे. आपल्याकडे मांस सोडणें म्हणजे नुसतें मांस सोडणें नसतें. पुष्कळदां आपण कांहीं माणसांच्या पंक्तींतून उठून दुसऱ्या माणसांच्या पंक्तींत जाऊन बसतों. मोठ्या शहरांत मांसाहारी कुटुंबास घर भाड्यानें देण्याचें नाकारतात. अलीकडेच एका वर्गांत मीं पाहिलें कीं एका मुलीनें डबा उघडला, त्यांत सुका जवळा होता, आणि बाकावरच्या दोघी नाक धरून उठल्या. त्या मुलीनें डबा मिटला तो मधली सुट्टी संपेपर्यंत उघडला नाहीं. हिंदुस्थान हा शाकाहारी देश आहे असें म्हणण्याची चाल आहे; परंतु सरकारच्याच नमुना नोंदणीच्या २०१४ सालच्या पाहणींत पंधरा वर्षांवरील सुमारें ७० टक्के लोक मांसाहारी आढळले. बहुसंख्यांच्या जेवणास बाटलेलें समजणारी दया मला नको. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं विलायतेंत ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण मांसाशन स्वीकारलें नाहीं. आणि खाणाऱ्यानें न खाणाऱ्यास किंवा न खाणाऱ्यानें खाणाऱ्यास कमी लेखूं नये असें प्रेषित पौलानें रोमच्या मंडळीस कळविलें, तें तिच्यांत याच गोष्टीवरून तंटे चालले होते म्हणून. दोन हजार वर्षांत तंट्याचा विषय फारसा बदललेला दिसत नाहीं.

श्रावण तर दरवर्षीं पाळतोंच. यंदा तो संपल्यावरही मीं डबा बाहेर काढिला नाहीं. पहिले दोन रविवार जड गेले. शेजाऱ्यांकडे खोबरें भाजण्याचा वास सुटला कीं वर्तमानपत्रांतील एकच ओळ मी तीनदां वाची. मग ध्यानांत आलें कीं मला हवें आहे तें मुख्यतः वाटण, मांस नव्हे. तेंच वाटण घालून घरीं अख्खा मसूर होऊं लागला, कधीं वांगें, कधीं शेवग्याच्या शेंगा. भाकरी तितकीच जाऊं लागली. माझ्या या तपश्चर्येचें कौतुक मी घरांत ऐकवीत असतां सौभाग्यवती एवढेंच म्हणाल्या, "सोडलंत तुम्ही, पण रविवारी भाज्या दोन निवडाव्या लागतात मला." निर्णय पुरुषानें करावा व त्याची भाजी बाईनें निवडावी, हें मला तोंवर सुचलें नव्हतें.

माघांत जत्रेसाठीं गांवीं गेलों. मी मटण घेत नाहीं हें ऐकून पंक्तींत थोडी थट्टा झाली; चुलते मात्र सरकून बसले व आपल्या शेजारीं जागा दाखविली. लवकर उठल्यामुळें मी सहज स्वयंपाकघरांत गेलों. आई सर्वांच्या मागून, एकटी जेवत बसली होती. ताटांत भाकरी, कांदा आणि थोडी भाजी. मीं हंसून विचारलें, "आई, तूं मटण कधीं सोडलंस गं? माळ तर घातली नाहींस."

"मी कशाला सोडतेय?" आई म्हणाली. "किलोभर मटण आणि खाणारी नऊ माणसं. तुमची ताटं व्हायची तंवर पातेल्यात नुसता रस्सा उरायचा. रस्सा-भाकरी खाल्ली की झालं. पुढं पुढं तोबी नकोसा वाटाय लागला. सवय मोडली बघ."

"पण तुला आवडत होतं?"

"न आवडायला काय झालं? म्हायेरी मी नळीसाठी भावाशी भांडायची."

दोनशें मुलांपुढें संयमाची मूर्ति म्हणून मीं जिचें उदाहरण दिलें होतें ती बाई ही. तिनें मांसाहार सोडलाच नव्हता. तो तिच्यापर्यंत पोंचला नव्हता, आणि न पोंचण्यांत माझ्या वाटीचाही भाग होता.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९–२१ चे आंकडे मीं पूर्वीं वाचले होते, पण आतां ते निराळे दिसूं लागले. मांस-मासे कधींच न खाणाऱ्यांचें प्रमाण पुरुषांत सुमारें १७ टक्के, स्त्रियांत सुमारें २९ टक्के. एकाच देशांत, एकाच घरांत हें अंतर कोठून आलें? त्यांत व्रतें किती, आणि रिकामीं पातेलीं किती? त्याच पाहणींत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं ५७ टक्क्यांच्या रक्तांत हिमोग्लोबिनची उणीव, म्हणजे पंडुरोग आढळला. पुरुषांत हेंच प्रमाण २५ टक्के आहे. मटणाच्या दोन फोडींनीं तो बरा होईल असें मी म्हणत नाहीं. त्याचीं कारणें अनेक आहेत. परंतु घरांत शेवटीं जेवणारीच्या ताटांत काय उरतें, हें त्यांतलें एक कारण नसेल असें कोणी सांगूं नये.

तेव्हां माझें मत विचाराल तर तें असें झालें आहे. मीं मटण सोडलें तें सोडलेंच. पुन्हां धरण्याचें मला कारण दिसत नाहीं. विद्यार्थ्यांपैकीं ज्याला सोडावेंसें वाटेल त्यानें अवश्य सोडावें, परंतु घरांत तशी घोषणा करण्यापूर्वीं आपल्या भाज्या आपण निवडावयास शिकावें, आणि वाढत्या वयांत डाळ, दूध, अंडें यांपैकीं जें चालत असेल तें चुकवूं नये. पालकांस विनंति अशी कीं, मुलानें स्वतः विचार करून ताट बाजूला सारलें तर त्याच्यावर सक्ति करूं नये, आणि आपल्या व्रताखातर त्याचें अंडेंही काढून घेऊं नये. आणि आमच्या घरांतली अमुक बाई मुळींच खात नाहीं असें जे मोठ्या अभिमानानें सांगतात त्यांनीं एकदां तिला जाऊन कारण विचारावें.

मागल्या महिन्यांत आई आमच्याकडे राहावयास आली. रविवारीं डबा घेऊन मी पुन्हां त्याच रांगेंत उभा राहिलों. नववीचा तो विद्यार्थी दिसला नाहीं, याबद्दल मीं देवाचे आभार मानले. दिसला असता तर त्याला काय सांगावें हें दुकान येईपर्यंत मला जुळविता आलें नव्हतें. आईच्या दाढा पडल्या आहेत, म्हणून पत्नीनें मटण मऊ शिजविलें. ताटें सर्वांचीं एकदमच वाढलीं. माझ्या ताटांत अख्खा मसूर होता. आई प्रथम नको म्हणाली. मग एक फोड खाल्ली, दुसरी खाल्ली, नळी स्वतःच्या हातानें वाढून घेतली, आणि माझ्या पत्नीकडे पाहून म्हणाली, "झालंय चांगलं. पण खोबरं जरा जास्त भाजलंस गं, सूनबाई."